नाकाशी धरलेलं सूत

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



अवयवदानावरचं व्याख्यान म्हटलं की पहिल्या पाच मिनिटांत दधीची ऋषी येतात. आज ते येणार नाहीत, म्हणून आधीच माफी मागतो. दधीचींनी अस्थी दिल्या त्या पूर्ण शुद्धीत, स्वतः ठरवून. मी ज्या पेशंटबद्दल बोलणार आहे, त्याला कुणी काही विचारू शकत नाही. त्याच्या बाबतीत दानाच्या बऱ्याच आधी एक प्रश्न सुटायचा असतो : हा माणूस गेला आहे का? त्याचं उत्तर डॉक्टर कसं काढतात, ते इतकं काटेकोर का असावं लागतं आणि उत्तर मिळाल्यावरही आपण गोंधळलेले का राहतो, एवढाच आजचा विषय.

ज्या सरांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी वॉर्डात आम्हाला पहिली शिस्त लावली ती श्वास मोजायची. पूर्ण एक मिनिट. आम्ही पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचो. सरांना ते लगेच कळायचं, कारण आमच्या सगळ्या पेशंटांचे आकडे चारच्या पाढ्यातले यायचे. पुढे मी भूलशास्त्रात गेलो, आयुष्य आयसीयूत काढलं आणि एक मिनिट नव्हे, दहा-दहा मिनिटं फक्त एका छातीकडे बघत उभं राहण्याची वेळ माझ्यावर अनेकदा आली. त्या दहा मिनिटांकडे मी आज तुम्हाला नेणार आहे.

आपल्या भाषेत एक वाक्प्रचार आहे : नाकाशी सूत धरणं. माणूस आता जातो की घटकेने जातो, अशा अवस्थेला आपण तो वापरतो. पण त्यामागे एक खरीखुरी तपासणी आहे. निपचित पडलेल्या माणसाच्या नाकपुडीसमोर धागा धरायचा. हलला तर प्राण आहे. नाही हलला तर घरच्यांना सांगायचं. मला यातलं शहाणपण असं वाटतं, की आपल्या माणसांनी आधी नाडी नाही पाहिली, श्वास पाहिला. 'प्राण' या शब्दातच श्वास आहे. मेंदूमृत्यूची खात्री करणारी शेवटची आणि निर्णायक चाचणी म्हणजे नाकाशी धरलेलं हेच सूत आहे. मधल्या काळात फक्त एक अडचण झाली. सूत हलवणारं यंत्र आलं.

१९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडून माणसं दगावत होती. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्यातून श्वासनलिकेत नळी घालून रबरी फुग्याने हवा द्यायला सुरुवात केली. तेवढे हात कुठून आणायचे? वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस फुगे दाबत बसले. आजच्या आयसीयूचं मूळ तिथे आहे आणि आम्हा भूलवाल्यांना त्याचा अभिमान आहे. पुढे त्या हातांचं काम व्हेंटिलेटर हे यंत्र करू लागलं. पण यंत्राला भेदभाव कळत नाही. ज्याचे फक्त स्नायू लुळे आहेत त्याला ते श्वास देतं, आणि ज्याचा मेंदू कायमचा संपला आहे त्याच्याही छातीत हवा भरत राहतं. १९५९ मध्ये पॅरिसच्या मोलारे आणि गुलाँ या डॉक्टरांनी अशा पेशंटांचं वर्णन केलं आणि त्या अवस्थेला 'कोमा देपासे', म्हणजे कोमाच्याही पलीकडची अवस्था, असं नाव दिलं. मेंदूमृत्यू ही कल्पना अवयव मिळवण्यासाठी काढली, असा आक्षेप अधूनमधून येतो. माणसातलं पहिलं हृदयारोपण व्हायला तेव्हा आणखी आठ वर्षं होती. पुढे अवयवांची गरज या चर्चेत आली, हे नाकारायचं कारण नाही. पण प्रश्न व्हेंटिलेटरने उभा केला, सर्जनने नव्हे.

आता मेंदूत नेमकं काय होतं ते पाहू. हायवेवर हेल्मेटशिवाय पडलेला तरुण असेल, किंवा वर्षानुवर्षं बीपीची गोळी टाळलेले काका असतील. डोक्यात रक्तस्राव होतो, मेंदूला सूज येते. हात सुजला तर जागा असते. कवटी हा बंद डबा आहे. आतला दाब वाढत जातो, आणि तो रक्तदाबाच्या बरोबरीला आला की मेंदूकडे रक्त चढेनासं होतं. सुजलेला मेंदू खाली, जिथे कवटीला भोक आहे त्या दिशेने सरकतो आणि वाटेत ब्रेनस्टेम चेंगरतो. ब्रेनस्टेम म्हणजे मेंदूचा देठ. अंगठ्याएवढ्या जाडीचा. पण माणसाला जागं ठेवणारी यंत्रणा त्यात, श्वासाचं केंद्र त्यात, आणि वरच्या मेंदूत ये-जा करणाऱ्या जवळजवळ सगळ्या तारा त्यातून जातात.

हा क्षण बहुतेक वेळा सगळ्यात आधी सिस्टरच्या लक्षात येतो. "सर, युरिन बॅग परत भरली," त्या सांगतात. लघवीवर ताबा ठेवणारं मेंदूतलं संप्रेरक थांबलेलं असतं. मग बीपी घसरतं, अंगाचं तापमान हळूहळू उतरायला लागतं. बाहुल्यांवर टॉर्च मारला तर त्या मोठ्याच राहतात. हृदय मात्र चालू असतं, कारण ठोक्याचा हुकूम हृदयाला मेंदूकडून घ्यावा लागत नाही. त्याचं स्वतःचं वीजकेंद्र आहे. प्राणवायू मिळतोय तोवर ते चालतं. म्हणून अंग उबदार लागतं, मॉनिटरवर रेषा नाचत असते, आणि बाहेर बाकावर बसलेली मंडळी त्या रेषेवर जीव टांगून असतात.

भारतात हा प्रश्न पहिल्यांदा उभा राहिला तो आपल्या मुंबईत. केपटाउनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी जगातलं पहिलं मानवी हृदयारोपण केलं. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयारोपण केलं. पेशंट काही तासच जगला. त्या वेळी आपल्याकडे मेंदूमृत्यूचा कायदा नव्हता. जगातही सर्वमान्य निकष नव्हते. हार्वर्डच्या समितीचा अहवाल आला तो त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, आणि समितीचे अध्यक्ष हेन्री बीचर हेही भूलतज्ज्ञच. १९७१ मध्ये मिनेसोटाच्या मोहनदास आणि चाऊ यांनी दाखवलं, की सगळा खेळ ब्रेनस्टेमपाशी संपतो. १९७६ मध्ये ब्रिटनच्या रॉयल कॉलेजांनी त्याच पायावर निकष लिहिले. आपण ब्रिटनचा रस्ता धरला. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा 'ब्रेनस्टेम डेथ' असाच शब्द वापरतो. ४ फेब्रुवारी १९९५ ला तो पहिल्यांदा ज्या राज्यांत लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा ही दोन्ही होती. केईएमच्या त्या शस्त्रक्रियेपासून कायद्यापर्यंत सव्वीस वर्षं गेली.

आता निकष. त्यांचे तीन टप्पे आहेत, आणि पहिला टप्पा लोकांना सगळ्यात कंटाळवाणा वाटतो. मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

पेशंटला हात लावण्याआधी डॉक्टरने स्वतःला विचारायचं : मेंदूला काय झालंय ते मला नक्की ठाऊक आहे का? सीटी स्कॅनमध्ये ते दिसतंय का? ते बरं न होणारं आहे का? आणि मेंदूमृत्यूचं सोंग आणणारं दुसरं काही आहे का? झोपेची औषधं, भूल, स्नायू शिथिल करणारी इंजेक्शनं, दारू, गार पडलेलं शरीर, कोसळलेलं बीपी, रक्तातली साखर, सोडियम. हे सगळं बाजूला सारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

याचं कारण गावाकडच्या एका उदाहरणाने सांगतो. पावसाळ्याच्या दिवसांत माणसं जमिनीवर अंथरूण टाकून झोपतात. रात्री मण्यार येतो. त्याचा दंश इतका बारीक, की कित्येकदा झोपही मोडत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, शब्द जड होतात आणि श्वास बंद पडतो. व्हेंटिलेटरवर घेतलेल्या अशा पेशंटकडे बघा. डोळे उघडत नाहीत. बाहुल्या मोठ्या, टॉर्चला दाद न देणाऱ्या. चिमटा काढला तर हालचाल नाही. खोकला नाही. पुस्तकातली सगळी लक्षणं जुळली असं वाटावं. आणि आत तो माणूस जागा असू शकतो. विषाने नस आणि स्नायू यांच्यातला सांधा तोडलाय, मेंदू शाबूत आहे. खाटेशेजारी आपण काय बोलतोय तेही त्याला ऐकू येत असेल. काही दिवसांनी विष ओसरतं आणि हा पेशंट चालत घरी जातो. म्हणून पूर्वअटी आधी. ज्या डॉक्टरने मण्यारदंशाचा पेशंट सांभाळलाय, त्याला ही यादी कधी लांब वाटत नाही.

१९८० साली बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमाने, दाते खरोखर मेलेले असतात का, असा सवाल करून खळबळ उडवली. त्यात दाखवलेले बरे झालेले पेशंट ब्रिटनच्या निकषांतल्या या पहिल्याच उंबरठ्यावर अडले असते. तरीही कार्यक्रमानंतर तिथे अवयवदान घटलं. विश्वास जायला एक संध्याकाळ पुरते.

दुसरा टप्पा ब्रेनस्टेमच्या प्रतिक्षिप्त क्रियांचा. देठात वरपासून खालपर्यंत जे जे मज्जातंतू निघतात, त्यांना एकेक करून हाक मारायची. डोळ्यावर प्रखर उजेड टाकायचा, बाहुली आक्रसते का? बुबुळाला कापसाचं टोक लावायचं, पापणी मिटते का? भुवईच्या हाडावर जोरात दाबायचं, चेहऱ्यावर काही उमटतं का? डोकं दोन्ही बाजूंना वळवायचं, डोळे विरुद्ध दिशेला फिरतात की बाहुलीसारखे जागच्या जागी राहतात? मानेला मार असेल तर हे करायचं नाही. मग कानात बर्फाचं पाणी सोडायचं, साधारण ५० मिलिलिटर, आणि मिनिटभर डोळे निरखायचे. तुमच्या माझ्या कानात ते सोडलं तर डोळे गरगरतील आणि जेवण बाहेर येईल. इथे काही होत नाही. शेवटी घशाला स्पर्श आणि श्वासनलिकेत खोलवर कॅथेटर. उबळ नाही, खोकला नाही. यातली एक जरी हाक ऐकली गेली, तर तपासणी तिथेच थांबते. हा पेशंट मेंदूमृत नाही.

कुणी हाक ऐकली नाही, तरच तिसरा टप्पा. सूत.

लोकांना वाटतं, व्हेंटिलेटर काढून पेशंट गुदमरतो का ते बघतात. तसं नाही. श्वास घ्यायची निकड आपल्याला प्रामुख्याने प्राणवायू कमी झाल्याने वाटत नाही, ती कार्बन डायऑक्साइड वाढल्याने वाटते. म्हणून आधी काही मिनिटं शुद्ध प्राणवायू देऊन रक्त भरून घ्यायचं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड ४० च्या आसपास आणायचा. मग व्हेंटिलेटर सोडवायचा आणि नळीतून बारीक कॅथेटरने प्राणवायू झिरपत ठेवायचा, म्हणजे शरीराला इजा होत नाही. छाती आणि पोट उघडं ठेवायचं. कार्बन डायऑक्साइड मिनिटाला साधारण तीनने चढतो. सात, आठ, दहा मिनिटं. साठला पोचला की श्वासकेंद्राला याहून मोठा चाबूक नाही. जिवंत असेल तर ते एक तरी श्वास घेणारच. मधेच बीपी कोसळलं किंवा प्राणवायू घसरला तर चाचणी थांबवायची. नाहीतर रक्ताचा नमुना घ्यायचा, आकडा पाहायचा, व्हेंटिलेटर परत जोडायचा.

हे सगळं एकदा करून भागत नाही. किमान सहा तासांनी पुन्हा, पहिल्यापासून. आणि सही एका डॉक्टरची नाही, चौघांची : रुग्णालयाचे प्रमुख, यादीतले एक स्वतंत्र तज्ज्ञ, एक मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूचे सर्जन, आणि उपचार करणारे डॉक्टर. छोट्या गावात मेंदूतज्ज्ञ कुठून आणायचा, म्हणून २०११ च्या दुरुस्तीने भूलतज्ज्ञ किंवा आयसीयूतज्ज्ञ यांनाही परवानगी दिली. अवयव काढणाऱ्या सर्जनला यात जागा नाही. अमेरिकेच्या न्यूरॉलॉजी अकादमीने २०१० मध्ये सगळं प्रसिद्ध साहित्य चाळलं. निकष नीट पाळून मेंदूमृत ठरवलेल्या प्रौढाच्या मेंदूचं कार्य परत आल्याची एकही नोंद तिला सापडली नाही.

इथे कुणीतरी अरुणा शानबागचं नाव घेतं, आणि घ्यायलाच हवं. केईएमच्या या परिचारिकेवर १९७३ मध्ये अमानुष हल्ला झाला आणि ती २०१५ पर्यंत त्याच रुग्णालयात होती. पण ती मेंदूमृत नव्हती. तिचा श्वास तिचा स्वतःचा होता. मेंदूचा वरचा भाग उद्ध्वस्त झाला होता, देठ जिवंत होता. बेचाळीस वर्षं तिच्या सहकारी परिचारिकांनी तिला भरवलं, पुसलं, कूस बदलली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात हा फरक स्पष्ट नोंदवला. कोमा, अरुणाची अवस्था आणि मेंदूमृत्यू या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन आजार आहेत. तिसरा मृत्यू आहे.

मग आपण तो मृत्यू म्हणून बोलतो का? वर्तमानपत्रात छापून येतं : 'मेंदूमृत तरुणाने मृत्यूपूर्वी पाच जणांना जीवदान दिलं.' मृत्यूपूर्वी कसं? आम्ही डॉक्टर तर आणखी वाईट. मी स्वतः एका आईला म्हणालो होतो, "ताई, ब्रेन डेड आहे, फक्त मशीनवर ठेवलाय." तिने ऐकलं ते शेवटचे तीन शब्द. ठेवलाय म्हणजे आहे. ती सलग दोन दिवस विचारत राहिली, "मशीनवर अजून किती दिवस ठेवता येईल?" चूक तिची नव्हती. दुसऱ्या एका ठिकाणी चाचणीनंतर पेशंटचा हात आपोआप उचलला गेला आणि भाऊ ओरडत बाहेर पळाला. पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू जिवंत असतो आणि त्याच्या स्वतःच्या प्रतिक्षिप्त क्रिया राहू शकतात. हे त्याला आधी सांगायला हवं होतं. आम्ही सांगितलं नव्हतं.

यापुढे कायद्याची गाठ आहे. १९९४ चा कायदा आला तो दोन कामं एकत्र घेऊन. मूत्रपिंडांचा बाजार रोखायचा होता आणि मेंदूमृत्यूला मान्यता द्यायची होती. त्यामुळे ही मान्यता अवयवांच्या कायद्याच्या पोटात जन्मली आणि तिथेच राहिली. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा 'जीवनाच्या सर्व खुणा कायमच्या नाहीशा होणं' एवढंच म्हणतो, मेंदूचं नाव घेत नाही. परिणाम असा, की नातेवाइकांनी दानाला हो म्हटलं तर पेशंट मृत. नाही म्हटलं तर त्याच पेशंटचं काय, यावर रुग्णालयं बिचकतात आणि हृदय थांबायची वाट बघत बसतात. केरळने २०२० मध्ये सूचना काढल्या, की दान होवो न होवो, मेंदूमृत्यूचं निदान व्हायला हवं. मला जे सांगायचंय ते इतकंच आहे. हे निदान अवयवांसाठी करायचं नसतं. ते त्या माणसाचं देणं आहे, त्याच्या घरच्यांचं देणं आहे. दान हा त्यानंतरचा, त्यांचा प्रश्न. आपण हे दोन्ही दोर एकाच गाठीत बांधले, म्हणून लोकांना निदानाचाच संशय येतो.

शेवटी एक प्रसंग सांगून थांबतो. तालुक्याच्या गावचे एक गृहस्थ. तरुण मुलगा मोटरसायकलवरून पडलेला. पहिल्या चाचणीनंतर ते काही ऐकायला तयार नव्हते. "साहेब, छाती हलतीय की." मी त्यांना म्हटलं, दुसऱ्या चाचणीला तुम्ही आत या. ते आले. खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. व्हेंटिलेटर सोडवला, खोली एकदम शांत झाली. मी मॉनिटर बघत होतो, ते मुलाचं पोट बघत होते. दोन मिनिटं, चार, सात. सिस्टर वेळ सांगत होती. नऊ मिनिटांनी मी नमुना घेतला. आकडा यायच्या आत ते हळूच म्हणाले, "नाही घेतला त्यानं."

सूत त्यांनी स्वतःच धरलं होतं. त्यानंतर मला काही समजावावं लागलं नाही.

त्यांनी अवयवदान केलं नाही. घरातल्या थोरल्यांचा नकार होता. मी पुन्हा विचारलं नाही. पण जाताना त्यांनी मला जे विचारलं, त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. "दिवस कुठला धरायचा?" दहावा, तेरावा, पुढे दरवर्षीचं श्राद्ध, सगळं त्या तिथीवर. ही चाचणी बुधवारी दुपारची. हृदय थांबलं शुक्रवारी पहाटे, आणि दाखल्यावर शुक्रवार लिहिला गेला.

वर्षभराने ते दुसऱ्या कुणाला तरी भेटायला आले होते, तेव्हा मी विचारलं. ते म्हणाले, "बुधवारच धरला, साहेब. मी होतो ना तिथं."